क्षमा मागणें आणि क्षमा घेणें : ख्रिस्तपुराण व नंतरचें ख्रिस्ती मराठी वाङ्मय

मराठी भाषेंत क्षमा मागतां येते, करितां येते, दैव अनुकूल असल्यास ती मिळतेही. परंतु क्षमा ‘घेतां’ येत नाहीं. ‘मीं त्याची क्षमा घेतली’ असें वाक्य एखाद्या विद्यार्थ्यानें लिहिलें असतें तर आम्हीं तें लाल शाईनें खोडलें असतें, आणि व्याकरणदृष्ट्या तें योग्यच झालें असतें. पुढें ख्रिस्ती मराठी ग्रंथ कांहीं वर्षें सलग वाचल्यावर वाटूं लागलें कीं खोडण्यापूर्वीं क्षणभर थांबावयास हवें होतें. कारण ख्रिस्ती धर्ममताचा अर्धा भार ह्या नसलेल्या क्रियापदावरच आहे. त्या ग्रंथांची परीक्षा ह्या एका अंगानें कोणी केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं, म्हणून हा प्रयत्न.

देव दयाळू आहे हें मराठीस सांगण्यासाठीं कोणी समुद्रापलीकडून येण्याची आवश्यकता नव्हती. विठ्ठलास माउली म्हणणाऱ्या, लेकराचे अपराध आई पोटांत घालते तसे देवानें आमचे घालावे असें नित्य म्हणणाऱ्या लोकांस हा विचार घरचाच. ख्रिस्ती मतांत वेगळें आहे तें पुढचें पाऊल. त्या मताप्रमाणें क्षमा हें याचनेचें फळ नव्हे. ती याचनेच्या पूर्वींच सिद्ध करून ठेविलेली आहे, तिचें मोल दुसऱ्यानें भरलें आहे, आणि अपराध्याकडे उरलें आहे तें एवढेंच कीं त्यानें ती घ्यावी. हें ‘एवढेंच’ दिसतें तितकें सोपें नाहीं, हें शुभवर्तमानांतील दोन शिष्यांच्या गोष्टीवरून कळून येतें.

यहूदानें गुरूस तीस रुप्यांस विकलें. पेत्रानें त्याच रात्रीं कोंबडा आरवण्यापूर्वीं तीन वेळां गुरूची ओळख नाकारली. पुढें यहूदास पश्चात्ताप झाला. त्यानें याजकांपुढें जाऊन आपलें पाप बोलून दाखविलें, घेतलेलें द्रव्य मंदिरांत टाकून दिलें, आणि गळफास लावून घेतला. पेत्र बाहेर जाऊन रडला. यापलीकडे त्यानें कांहीं केल्याचें मत्तय लिहीत नाहीं. आतां मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पापमुक्तीचीं जीं साधनें सांगितलीं आहेत त्यांत पाप बोलून दाखविणें, अनुताप, तप व अध्ययन हीं येतात, आणि आपत्काळीं दानही चालतें. ह्या मापानें मोजलें तर यहूदाचें पारडें जड भरतें. ख्यापन त्यानें केलें, अनुताप त्यास झाला, द्रव्याचा त्यागही घडला. पेत्राच्या खात्यावर अनुतापाखेरीज कांहीं नाहीं. तरीही ख्रिस्ती परंपरा पेत्रास क्षमा पावलेला मानते व यहूदास मानीत नाहीं. म्हणजे भेद केलेल्या कृत्यांत नाहीं. यहूदानें आपला निवाडा आपणच केला आणि दंडही आपणच भोगला. पेत्रानें निवाडा दुसऱ्याच्या हातीं राहूं दिला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटीं गुरु पेत्रास प्रेमाविषयीं तीन वेळां विचारतो. नाकारणें तिहेरी, म्हणून विचारणेंही तिहेरी. क्षमा हा शब्द त्या प्रसंगांत एकदांही येत नाहीं. कोणी मागितली नाहीं, केली असेंही कोणी म्हणत नाहीं. पण ती घेतली गेली हें वाचकास कळतें.

ही गोष्ट मराठींत सांगूं पाहणाऱ्यापुढें शब्दांची अडचण उभी राहते. संस्कृत ‘क्षम्’ धातूचा मूळ अर्थ सोसणें. क्षमा ही सोसणाऱ्याची असते. म्हणूनच पृथ्वीसही क्षमा म्हणतात. ज्याचें सोसलें गेलें त्यास ह्या धातूजवळ करावयास कांहीं काम नाहीं. प्रयोजक करून ‘क्षमापयति’ केलें तरी अर्थ ‘सोसावयास लावतो’ असाच, म्हणजे पुन्हां याचनाच. आमचीं अपराधक्षमापनाचीं स्तोत्रें व जैनांची क्षमापना हीं ह्याच रूपांतून निघालीं. गोमंतकांतील ख्रिस्ती लोक प्रार्थनेंत ‘क्षमा कर’ ह्या अर्थीं ‘भोगस’ असें म्हणतात. त्यांत ‘भोग’ आणि ‘सहणें’ हे दोन शब्द एकवटले असावेत असा आमचा तर्क आहे. तो खरा ठरल्यास तेथेंही सोसणेंच सांपडेल.

बायबलच्या मराठी भाषांतरकारांनीं ह्या कामीं धर्मशास्त्रांतील ‘प्रायश्चित्त’ हा शब्द उचलला. प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय, अशी त्याची जुनी फोड आहे. अर्थात् तप ज्याचें त्यानें करावयाचें. भाषांतरांत मात्र प्रायश्चित्त करतो ख्रिस्त, आणि शुद्ध होतात इतर. ही शब्दाची ओढाताण आहे असा आक्षेप सुचणें साहजिक आहे, आणि पूर्वीं आमचेंही मत तेंच होतें. पुढें मिताक्षरा पुन्हां चाळतांना लक्षांत आलें कीं पांच वर्षांवरील व अकरा वर्षांखालील मुलाच्या हातून पातक घडल्यास त्याच्या वतीनें वडीलधाऱ्यानें किंवा सुहृदानें प्रायश्चित्त आचरावें, अशी सोय शास्त्रानेंच करून ठेविली आहे. भाषांतरकारांस हें ठाऊक होतें कीं नाहीं कोण जाणे. पण मनुष्यमात्र हें देवाचें अजाण लेंकरूं असें एकदां मानलें म्हणजे तो शब्द शास्त्राच्या चौकटींत चपखल बसतो. तथापि लेंकरानें त्या प्रायश्चित्ताचें काय करावयाचें, हा प्रश्न शास्त्रांत उद्भवत नाहीं. लेंकरूं खेळत असतें, आणि बाप उपास करीत असतो.

दप्तरें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस एक जवळचा दृष्टान्त सुचवितों. लढाईच्या धामधुमींत किंवा दुष्काळांत गांव परागंदा झाला म्हणजे सरकारांतून रयतेस कौल दिला जाई. मागील बाकी सोडली, पुढें अमुक वर्षें वसूल कमी घेऊं, बेशक येऊन लावणी करावी, असा त्याचा आशय. कौल हा उपकार होता, पण रानांत दडलेल्या कुणब्यानें त्यावर विश्वास ठेवून गुरेंढोरें घेऊन परत यावें लागे. तो न आला तर कौल खोटा ठरत नसे. जमीन मात्र पडीक राही. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील प्रभूच्या प्रार्थनेंत मराठी भाषांतरकारांनीं अपराधाऐवजीं ‘ऋण’ हा शब्द ठेविला आहे व त्यास ‘सोडणें’ हें क्रियापद लाविलें आहे. तो शब्द आम्हांस क्षमेपेक्षां अधिक मराठी वाटतो. कर्ज सोडल्याची फारखती ऋणको हातांत घेतो, वाचून घेतो, जपून ठेवितो. मराठींत ज्याची क्षमा घेतां येत नाहीं त्याची फारखती घेतां येते.

स्वीकार हा मनुष्याचा प्रयत्न मानावयाचा कीं तोही देवाचीच देणगी, हा वाद दोन्हीं धर्मांत झाला आहे. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांचे त्यावरून दोन पक्ष पडले. माकडाचें पिलूं आईस आपण घट्ट धरून बसतें तसें भक्तानें देवास धरावें हा मर्कटन्याय, आणि मांजरीचें पिलूं कांहीं न करितां आईच्या तोंडीं लोंबतें तसा भक्त तरून जातो हा मार्जारन्याय. युरोपांत लूथरनें १५१७ सालीं वादास तोंड फोडल्यानंतर रोमन पंथानें त्रेंत येथील परिषदेंत १५४७ सालीं आपलें मत ठरविलें : कृपा आधीं देवाकडून येते, मनुष्य तिच्याशीं सहकार्य करतो, आणि तो तिला झिडकारूंही शकतो. येशूसंघाचा पंडित मोलिना ह्यानें १५८८ सालीं मनुष्याच्या ह्या स्वातंत्र्यावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यावरून रोमेंत पोपसमोर १५९८ पासून १६०७ पर्यंत येशूसंघीय व दोमिनिकन ह्यांचा वाद चालून शेवटीं निर्णयाविना थांबला. ह्याच वर्षांत त्याच येशूसंघाचा एक इंग्रज पाद्री गोव्याच्या साष्टी प्रांतांत राहून मराठी ओव्या रचण्यास लागणारी भाषा आत्मसात् करीत होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालच्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला आणि १६१९ सालीं तेथेंच निवर्तला. मर्कटन्यायाकडे झुकलेल्या पंथाचा हा माणूस. तेव्हां त्याच्या ग्रंथांत स्वीकाराचें वर्णन भरपूर असेल अशा अपेक्षेनें आम्हीं ख्रिस्तपुराण उघडलें.

ग्रंथाची बाह्य हकीकत वाचकांस विदित आहेच, थोडक्यांत सांगतों. पुराणाचे भाग दोन, पहिल्यांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वर, ओव्या सुमारें अकरा हजार. १६१६ सालीं राचोल येथें तें रोमन लिपींत छापलें, पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें, आणि ह्या तिन्हीं छापांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. जें हातीं आलें तें हस्तलिखितांच्या द्वारें. त्यांच्या आधारें सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींतील आवृत्ति काढली. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं तिचें देवनागरी रूप पुण्यास प्रसिद्ध केलें. नेल्सन फाल्काव यांची सुलभ मराठीसह आवृत्ति २००९ सालची. मध्यंतरीं जस्टिन अबट यांनीं लंडन येथील मार्सडेनच्या संग्रहांत देवनागरी पोथी ओळखली. रोमन पाठांत चर्चविषयक पोर्तुगीज शब्द जसेच्या तसे राहिले आहेत, तर मार्सडेन पोथींत त्यांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत. मूळ पाठ कोणता ह्यावर विद्वानांचें एकमत नाहीं. अबट यांनीं देवनागरी पाठ मूळ मानला. आमचा कल उलट बाजूस आहे. आपल्या श्रोत्यांस सोपें जावें म्हणून मराठींत ब्राह्मणांच्या बोलींतील सुलभ शब्द मिसळले असें जो प्रस्तावनेंत सांगतो, तो कठिण संस्कृत शब्दांनीं आरंभ करील हें संभवत नाहीं. संस्कृतीकरण हें कोणा मागाहूनच्या मार्मिक वाचकाचें काम दिसतें, आणि ह्या मुद्द्याकडे आम्हांस शेवटीं परत यावयाचें आहे.

काव्य म्हणून पुराणाची योग्यता मोठी आहे. परदेशी मनुष्यानें ज्ञानेश्वर–एकनाथांची ओवी अशी आपलीशी करणें हें अद्भुतच. देवाच्या प्रेमाचें, मातेच्या शोकाचें, दुःखभोगाचें वर्णन येतें तेथें कवीची वाणी ओथंबून वाहते. वैकुंठ, मुक्ति, स्वामी, तारक असे आमचे शब्द तो बिनदिक्कत घेतो, आणि ते तेथें परके दिसत नाहींत. दयेच्या बाजूनें पाहतां ह्या ग्रंथांत उणें काढण्यास जागा नाहीं. स्वीकाराच्या बाजूनें मात्र आमची निराशा झाली. दया वर्णिली जाते, मनुष्याचें पाप वर्णिलें जातें, पण पाप्यानें ती दया हातांत घेतली तो क्षण कवि झरझर ओलांडून जातो. पेत्र, यहूदा हीं माणसें दुःखभोगाच्या कथेंत येतात व जातात. त्यांच्या मनांत काय घडलें तेथें ओवी रेंगाळत नाहीं. मूळ शुभवर्तमानेंही मितभाषीच आहेत, हें खरें. पण इतरत्र मुळांतील एका वाक्याच्या दहा ओव्या करणारा हा कवि नेमका येथेंच मितभाषी कां होतो?

ह्याचें उत्तर काव्यशास्त्रांत मिळेल असें आम्हांस वाटत नाहीं. साष्टीच्या इतिहासांत मिळतें. साष्टींतील देवळें १५६७ च्या सुमारास पाडलीं गेलीं. गोव्यांत धर्मन्यायसभा १५६० सालीं बसली होती व मध्यंतरींचीं थोडीं वर्षें वगळतां १८१२ पर्यंत चालली. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघीयांस गांवकऱ्यांनीं ठार केलें. त्यांचीं प्रेतें आणावयास जे गेले त्यांत स्टीफन्स हा प्रमुख होता. पुढें गांवच्या मुख्य माणसांस बोलणें करण्याच्या मिषानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून विनाचौकशी मारण्यांत आलें. स्वतःच्या बंधूंचीं छिन्नविच्छिन्न प्रेतें उचलणारा मनुष्य पुढें तीस वर्षें त्याच लोकांत राहतो, त्यांची भाषा शिकतो, तिचें व्याकरण लिहितो, आणि त्यांच्यासाठीं दयेचें पुराण रचतो. ह्यांत त्याच्या स्वतःच्या क्षमेची मोठी साक्ष आहे असें आम्ही मानतों. असोळण्याचें कृत्य आम्ही त्याच्या माथीं मारीत नाहीं. पण त्याच्या श्रोत्यांकडून पाहा. एका हातीं क्षमा पुढें करणारा आणि दुसऱ्या हातीं तरवार धरणारा हे दोघे त्यांस एकाच गलबतांतून उतरलेले दिसत होते. ज्यास नको म्हणण्याची मोकळीक नाहीं त्याच्या घेण्यास स्वीकार म्हणतां येत नाहीं. मोलिनाचा ग्रंथही हेंच सांगेल. गांवानें कौल घेतला कीं गांवास वेढा पडला, हें कौलाच्या कागदावरून कळत नाहीं.

ग्रंथाच्या आरंभींचा प्रसंग ह्या दृष्टीनें वाचण्याजोगा आहे. साष्टींत चर्चमध्यें धर्मशिक्षण चाललें असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विनवितो कीं आमचीं जुनीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं, तेव्हां वेळ घालविण्यास व मनास बोध होण्यास त्यांच्या ठिकाणीं दुसरें पुराण आम्हांस द्या. ह्या विनंतीवर सबंध पुराण उभें आहे. जुन्या पुराणांच्या पोथ्या कशा वर्ज्य झाल्या हें इतिहासास ठाऊक आहे : सोळाव्या शतकाच्या मध्यास हिंदु घरांतून त्या हिरावून नेल्या गेल्या, आणि त्यांतील कथांचे रोमन लिप्यंतर पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत सांपडले आहेत. पोथीसंग्राहकाच्या पोटांत ह्या वाक्यानें कालवाकालव व्हावी हें योग्यच. तथापि कवीनें ग्रंथारंभीं आज्ञा न ठेवितां विनंती ठेविली, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. मागणारा असल्याशिवाय देणें पुरें होत नाहीं हें त्यास पटलें होतें; प्रत्यक्षांत जें मोकळेपणें घडूं शकत नव्हतें तें त्यानें काव्याच्या चौकटींत घडवून आणलें. मधूनमधून श्रोते शंका विचारतात आणि गुरु रागावत नाहीं, तेंही ह्याच हेतूनें. दुसरा एक येशूसंघीय, फ्रेंच देशाचा एत्येन द ला क्रुआ, ह्यानें १६२९ सालीं गोव्यांत सेंट पीटरचें म्हणजे पेत्राचें मोठें पुराण छापविलें. क्षमा घेतलेल्या मनुष्यासच त्यानें नायक केलें, म्हणून आम्हीं तें उत्सुकतेनें पाहिलें. पण त्यांत हिंदु देवतांच्या खंडनास इतकी जागा दिली आहे कीं पेत्राचे अश्रु त्या गर्दींत वाळून जातात. स्टीफन्सची अभिरुचि पुष्कळ वरच्या प्रतीची.

ज्या वाङ्मयांत स्वीकाराचें वर्णन खरोखर आढळतें तें ह्यानंतर पावणेतीनशें वर्षांनीं, आणि तेंही नको म्हणण्याची पूर्ण मोकळीक असलेल्या माणसांच्या हातचें आहे. त्यांत आम्ही पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांस अग्रस्थान देतों. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेल्या ह्या विदुषीनें १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या १९०७ च्या आत्मनिवेदनांत दोन स्थळें आहेत. पहिलें फुलहॅम येथील. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं वाँटेजच्या भगिनींनीं चालविलेलें आश्रयस्थान तेथें त्यांनीं पाहिलें. अशा स्त्रियांशीं कोणी ममतेनें वागतें हें त्यांस नवीन होतें. कारण विचारतां एका भगिनीनें त्यांस शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. सिद्धान्त आधीं न येतां दया आधीं दिसली. दुसरें स्थळ अधिक महत्त्वाचें. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त घेतला नाहीं. मत पटलें होतें, क्षमा आपली म्हणून हातीं आली नव्हती. हें त्या निःसंकोच लिहितात. ज्यांच्या बाप्तिस्म्यावरून सबंध महाराष्ट्रांत वादळ उठलें त्यांनींच पुढें सांगावें कीं तेव्हां आमचें घेणें अपुरें होतें, ह्यास धैर्य लागतें. विरोधक हें वाक्य कसें वापरतील हें त्यांस कळत नव्हतें असें नाहीं. आमच्या मतें ख्रिस्ती मराठी मंडळींच्या लेखनांत क्षमेच्या स्वीकारावरचा सर्वांत प्रामाणिक उतारा हाच. मांजरीच्या पिलाची ही अवस्था आहे, पण तेथपर्यंत त्या माकडाच्या पिलाच्या वाटेनें गेल्या. केडगांवास वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं जें घर त्यांनीं काढलें त्यास त्यांनीं कृपासदन हें नांव दिलें. ‘क्षमासदन’ म्हटलें नाहीं. संस्कृत जाणणाऱ्या बाईंनीं शब्द पारखूनच घेतला असणार. क्षमेच्या घरांत शिरणारीस अपराधी म्हणून शिरावें लागलें असतें.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा वृत्तान्त आमच्या ह्या प्रदेशास जवळचा. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडीच्या डब्यांत त्यांची अर्नेस्ट वॉर्ड ह्या पाद्र्याशीं गांठ पडली, गप्पा काव्यावरून निघाल्या, आणि वॉर्डनें त्यांस नव्या कराराची प्रत दिली. ही गाडी गोंदियावरून जाते. आम्ही राहतों तें फुलचूर गोंदियास लागूनच आहे, आणि पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकूं आली कीं कधीं कधीं तो डबा आठवतो. पुस्तक दिलें गेलें तें असें : घ्या अथवा खिडकींतून फेंका, कोणी विचारणार नव्हतें. टिळकांनीं वाचण्यास व विचार करण्यास जवळ जवळ दोन वर्षें घेतलीं आणि १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांची भक्तिपर कविता तुकोबांच्या वाटेनें चालते. तींत क्षमा ही मागितली जात नाहीं कीं केली जात नाहीं. लेंकरूं पदरांत शिरतें, एवढेंच. पदर पसरणें, पदरांत घेणें, पायांशीं येणें, शरण जाणें, ह्या मराठी शब्दांनीं नसलेल्या क्रियापदाची उणीव भरून काढली. स्टीफन्सजवळ हे शब्द नव्हते असें नाहीं; पण पदर पसरणारा आपण होऊन आला असावा लागतो.

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं. तीं ह्या विषयावरचीं म्हणून कोणी वाचीत नाहीं. पतीनें न सांगतां धर्म बदलला. बाईंनीं कांहीं वर्षें नातलगांकडे वनवासांत काढलीं. पुढें एकत्र राहावयास गेल्या तरी चूल निराळी, सोवळें निराळें. अशा स्थितींत एका दिवशीं त्यांचें त्यांनाच कळून आलें कीं हे भेद देवानें केले नाहींत, आणि सोवळें सुटलें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. कोणी कोणास क्षमा केली असें त्या पुस्तकांत म्हणत नाहींत. थट्टेच्या ओघांत ती झालेली असते. स्वतः टिळकांनींही बायकोस घाई केली नाहीं, हें त्यांच्या उपदेशापेक्षां आम्हांस थोर वाटतें. पतीचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें बाईंनींच पूर्णतेस नेलें. पण समीक्षकास दोहोंतून एक निवडावयास सांगितलें तर तो स्मृतिचित्रांकडे हात करील.

एका अंगास आम्हीं अजून स्पर्श केला नाहीं. शिवकालीन समाजांत दोषी मनुष्यास प्रायश्चित्त देऊन ब्रह्मसभा शुद्धिपत्र लिहून देई; तरी गोतानें त्याचे हातचें अन्न घेऊन पंक्तीस बसवीपर्यंत ती शुद्धि कागदावरच राही. नेताजी पालकरास १६७६ सालीं परत घेतल्याची कथा आपण अभिमानानें सांगतों. तींतही परतून येणारा व घेणारे असे दोघे लागले. म्हणजे आमच्याकडे स्वीकार होता, पण तो समाजानें अपराध्याचा करावयाचा. अपराध्यानें क्षमेचा करावयाचा नव्हे. ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसांच्या वाट्यास पहिला स्वीकार बहुधा आलाच नाहीं. दुसऱ्याविषयीं त्यांनीं जें लिहिलें त्यास जी तीव्रता आहे तिचें एक कारण हेंही असावें.

आतां पोथ्यांकडे वळतों. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा सोडण्याविषयीं फर्मान काढलें आणि तीन वर्षांत लोकांनीं पोर्तुगीज शिकावी असें ठरविलें. ख्रिस्तपुराणाचा शेवटचा छाप त्यापूर्वीं तीस वर्षें होऊन गेला होता. ह्यापुढें पुराण टिकलें असेल तर तें सरकारच्या किंवा छापखान्याच्या बळावर नव्हे. ज्यांच्या पणज्यांस नको म्हणतां आलें नव्हतें, त्यांनीं आतां, कोणी सांगत नसतां, किंबहुना सांगणें उलट असतां, अकरा हजार ओव्या हातानें उतरून घेतल्या. कांहींनीं त्या दक्षिणेस कानड्या मुलखांत नेल्या. मार्सडेन पोथीच्या लेखकानें तर पोर्तुगीज शब्द काढून त्या जागीं आपले शब्द घातले. जबरीनें माथीं आलेली वस्तु कोणी अशी घांसून पुसून आपल्या घरची करीत नाहीं. स्टीफन्सच्या ओव्यांत आम्हांस जो क्षण सांपडला नाहीं तो ह्या नकलाकारांच्या लेखणींत सांपडतो असें आमचें मत झालें आहे.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंती. ह्या पुराणाची किंवा गोमंतकीय ख्रिस्ती वाङ्मयाची पोथी अथवा सुटीं पानें हातीं आल्यास पाठभेदांबरोबर इतर खुणाही टिपून ठेवाव्या : कोणत्या अवस्वराच्या पानांस तेलाचे डाग अधिक आहेत, कोठें कडा झिजल्या आहेत, समासांत कोणी खूण केली आहे, कोणत्या शब्दाच्या जागीं दुसरा शब्द घातला आहे. विशेषतः दुःखभोगाच्या भागांत पेत्राच्या प्रसंगाचें पान कसें आहे तें पाहावें, आणि तेथें क्षमेसाठीं नकलाकारानें कोणता शब्द ठेविला आहे तें जुळणीसह कळवावें.